मागचा आरसा

मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेले नाहीत. त्यांचं सलून होतं, दोन खुर्च्यांचं, चपलांचं दुकान आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मध्ये दाबून बसवलेलं. पण त्या रस्त्यावरच्या निम्म्या सलूनवाल्यांनी पहिल्यांदा कात्री धरली ती त्यांच्याकडे, म्हणून लहानथोर सगळे त्यांना मास्तर म्हणत. वय चौपन्न, आणि डोक्यावर केस असे की कंगवा अडकावा. चौपन्नाव्या वर्षी तसे केस असणं हे नशीब. पण नशिबानं मिळालेल्या गोष्टीला नशीब कोण म्हणतं? मास्तर त्याला 'निगा' म्हणत.

शिष्यांना ते सगळ्यात शेवटी एक गोष्ट शिकवत. कात्री, वस्तरा, मशीन, सगळ्यावर हात बसला की मग. केस कापून होतात, मानेवरची पावडर झटकून होते, आणि कारागीर मागे उभा राहून हातातला गोल आरसा धरतो, म्हणजे समोरच्या मोठ्या आरशात गिऱ्हाइकाला आपली मागची बाजू दिसते. तुम्हीही शंभरदा बघितली असेल आणि मान डोलावून उठला असाल. तर मास्तर शिकवत ते असं: ज्याचा भोवरा विरळ व्हायला लागलाय, त्याला आरसा सरळ दाखवायचा नाही. मनगट जरासं खाली वळवायचं. मानेवरची रेघ दिसते, कानामागची कड दिसते, आपलं सगळं कसब दिसतं, आणि भोवरा तेवढा आरशाच्या कडेबाहेर राहतो. गिऱ्हाईक खुशीत जातं आणि महिन्यानं परत येतं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मास्तर म्हणत. "माणूस आपल्याकडे बरं वाटून घ्यायला येतो. वाईट वाटायला त्याला घर आहे, ऑफिस आहे."

ऐकायला किती गोड. पण बघा, डोक्याची मागची बाजू साऱ्या जगाला दिसते आणि एका मालकालाच दिसत नाही. तिथे काय चाललंय हे आईच्या आधी, बायकोच्या आधी केस कापणाऱ्याला कळतं. एवढ्या विश्वासाच्या जागी मास्तर उभे राहायचे आणि मनगट वळवायचे. वर त्याला माणुसकी म्हणायचे.

मास्तरांचं स्वतःचं तेलही होतं. मेथी, कांद्याचा रस आणि आणखी पाच-सहा जिन्नस, जे ते कोणाला सांगत नसत आणि जे सांगण्यासारखे नव्हतेही. केस का गळतात यावर रोज त्यांचं प्रवचन असे. पाणी जड आहे म्हणून गळतात. हेल्मेटनं डोकं घुसमटतं म्हणून गळतात. हल्लीची पोरं रोज उठून शाम्पू फासतात, जागरणं करतात, डोक्याला तेलाचं बोट लावत नाहीत, मग काय होणार. दहा कारणं सांगायचे आणि दहाही कारणांवर औषध एकच, ते काउंटरवर मांडलेलं असायचं.

बाटलीच्या लेबलावर एका तरुण डोक्याचा मागून काढलेला फोटो होता. दाट, काळेभोर केस, मधोमध भोवरा घट्ट आवळलेला. कोणी शंका काढली की मास्तर बोटानं लेबल दाखवत. "माझ्या पोराचं डोकं आहे हे. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

पोराचं खरंच होतं. सतरा वर्षांचा असताना काढलेला फोटो. आता तो चोविसाचा होता आणि चष्म्याच्या दुकानात कामाला होता. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागे टोचते का विचारायचं, काडी गरम करून वाकवायची, पुन्हा बसवायची. स्वभाव मऊ. 'ही फ्रेम तुम्हाला शोभत नाही' हेही तो असं सांगायचा की ऐकणाऱ्याला आपली काळजी घेतल्यासारखं वाटावं. खोटं मात्र सांगायचा नाही. हे त्यानं कुठून उचललं देव जाणे, घरातून तर नाही.

दर चौथ्या रविवारी, दुकान उघडायच्या आधी, पहिल्या खुर्चीवर तो बसायचा. लहान होता तेव्हापासूनचा शिरस्ता, तेव्हा खुर्चीच्या हातांवर फळी टाकून बसवावं लागायचं. बापलेक एरवी फार बोलत नसत. त्या अर्ध्या तासात बोलत.

मुलगा एकोणीस वर्षांचा असताना अशाच एका रविवारी मास्तरांनी त्याच्या डोक्यावर पाण्याचा फवारा मारला, कंगवा फिरवला, आणि भोवऱ्यापाशी टाळू चमकली. अंगठ्याच्या नखाएवढी. मास्तरांचा हात थांबला. हजारो डोकी बघितलेला माणूस, त्याला काय कळायचं राहणार? ही सुरुवात होती. ती कुठे जाऊन थांबते तेही त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी केस कापले. भोवऱ्याजवळचे जरा लांब ठेवले आणि आडवे वळवले. पावडर झटकली, आरसा उचलला, आणि मनगट वळलं.

"ठीक आहे ना मागे?" मुलानं विचारलं.

"एकदम," मास्तर म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी स्वतःची समजूत घातली की पोराची परीक्षा तोंडावर आहे, कशाला मनाला लावून घ्यायला. परीक्षा झाली. मग नोकरी शोधायची होती, मग नोकरी नवी होती. मनगट वळत राहिलं. दृष्टीआड सृष्टी. रविवारी मास्तर त्याच्या डोक्यात तेल अर्धा तास चोळायचे, बोटं दुखेपर्यंत. आणि हे चोळणं खोटं नव्हतं बरं का. त्या अर्ध्या तासात ते मनापासून देवाचा धावा करत. पण सोमवारी तीच बोटं लेबलाकडे दाखवायची, आणि लेबलावरचं डोकं बिघडलंय हे गावभर झालं तर तेलाचं काय, हाही विचार मास्तरांच्या डोक्यात होता. माया किती आणि धंदा किती, हे त्यांचं त्यांनाही निवडता आलं नसतं. निवडायला ते बसलेही नाहीत.

बायकोला उशीवर केस दिसायला लागले, मग न्हाणीतल्या जाळीवर गुंतवळ दिसायला लागलं. "अहो, किती गळतायत त्याचे. एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवू या का?"

"अगं, तीस वर्षं मी काय गवत कापतोय? ऋतू बदलला की गळतात."

"तीन वर्षं ऋतूच बदलतोय का?"

"मग तुझ्या भावावर गेला असेल. मामाकडून भाच्याला दुसरं काय मिळायचं."

मामाच्या डोक्यावर पंचविशीपासून एक केस नव्हता आणि त्याच्यावर घरात हवे तेवढे विनोद चालत. माहेरचं काही आलंच या घरात तर ते वाईटच असतं, हे बायकोच्या अंगवळणी पडलं होतं. डॉक्टरांचा विषय तिथेच राहिला.

मग एक दिवस चष्म्याच्या दुकानात दोन फ्रेमा चोरीला गेल्या. मालकानं छताला कॅमेरे लावले आणि त्यांचा पडदा काउंटरच्या टोकाला ठेवला. दुपारी मुलगा पाठमोरा उभा राहून काचा पुसत होता. सहज त्याची नजर पडद्यावर गेली. तिथे काउंटरपाशी एक माणूस दिसत होता, चाळिशीचा असावा, डोक्यावर मधोमध बशीएवढं टक्कल. गिऱ्हाईक ताटकळलंय असं वाटून मुलगा "आलो हं" म्हणत वळला. पडद्यावरचा माणूसही वळला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

संध्याकाळी घरी येऊन तो मास्तरांना म्हणाला, "बाबा, माझे केस एकदम गेलेत मागचे. महिन्याभरात. उद्या डॉक्टरकडे जातोय, तुम्ही चला ना बरोबर. तुम्हाला केसांतलं कळतं."

त्याला तेव्हाही संशय आला नव्हता. महिन्यापूर्वी बाबांनी आरसा धरला होता आणि त्यात सगळं ठीक होतं. म्हणजे जे झालं ते महिन्याभरातच झालं असणार. आपण आंधळे असू, असं त्याच्या मनात आलं नाही, कारण त्याचे डोळे बाबांच्या हातात होते.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या. दिवा लावलेलं भिंग घेऊन त्यांनी बराच वेळ डोकं बघितलं. मग खुर्चीवर बसल्या.

"कधीपासून आहे हे?"

"महिना झाला असेल. गेल्या महिन्यात बाबांनी केस कापले तेव्हा मी आरशात बघितलं होतं, तेव्हा काही नव्हतं."

"नाही हो, हे महिन्याचं नाही. पाच वर्षं तरी झाली असणार. केस एकदम जात नाहीत. एक गळतो, त्या जागी उगवतो तो आधीपेक्षा बारीक, पुढचा त्याहून बारीक, आणि शेवटी उगवतच नाही." मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "केस कोण कापतं तुमचे? त्याला तर पहिल्यांदा दिसायला हवं होतं."

मुलानं मान वळवली आणि बापाकडे बघितलं. मास्तर बाकावर बसून गुडघ्यावरची पिशवी नीट करत होते. पिशवीला काही झालं नव्हतं.

"मोठं आजारपण? उपाशी राहून वजन उतरवलंत?" बाईंनी विचारलं. "त्यानंही गळतात, पण दोन-तीन महिन्यांनी भराभर गळतात आणि बहुतेक परत येतात. तुमचं तसं दिसत नाही. हे रक्तातून आलेलं आहे."

"आईकडून ना?" मास्तरांनी विचारलं. एवढं एकच वाक्य ते त्या खोलीत बोलले.

"आईकडून, वडिलांकडून, दोन्हीकडून येऊ शकतं. तुमचे वडील कसे होते? केस होते त्यांना?"

मास्तरांच्या वडिलांच्या डोक्यावर तिशीतच गोटा झाला होता. घरात त्यांचा एकच फोटो होता आणि त्यात त्यांनी टोपी घातली होती. मुलानं आजोबांना पाहिलेलं नव्हतं. मामाच्या टकलावर वीस वर्षं विनोद करणाऱ्या या माणसाला आपला बाप आठवला नव्हता, की आठवून घ्यायचा नव्हता, ते तोच जाणे. मास्तर नुसते खाली बघत राहिले आणि बाईंना उत्तर मिळालं.

मग मुलगाच विचारत गेला आणि बाई सांगत गेल्या. हेल्मेटनं केस जात नाहीत, घालत जा, डोकं राहिलं तर केसांची काळजी. पाण्यानं मुळं जात नाहीत, शाम्पूनं जात नाहीत. सिगारेट ओढत असाल तर सोडा, झोप नीट घ्या, जेवण नीट जेवा, त्यानं मदत होते. लावायचं औषध रोज लावायचं, कंटाळून मध्येच सोडलंत तर पुन्हा गळायला लागतील. पोटात घ्यायच्या गोळ्याही असतात, त्या तपासून आणि मीच देईन, मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका.

"आणि तेल?" मुलानं विचारलं. विचारताना तो बापाकडे बघत नव्हता.

"लावा की. केस चमकतील. पण यावर तेलाचा काही उपयोग नाही." बाई कागदावर लिहू लागल्या. "उरलेत ते टिकवू. बारीक झालेत त्यातले काही जाड होतील. जी मुळं गेली ती मात्र गेली. सुरुवातीला आला असतात तर पुष्कळ वाचवता आले असते."

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. उतरताना मुलगा पुढे, मास्तर मागे. म्हणजे पुन्हा तेच डोकं समोर. पहिल्या मजल्याच्या वळणावर मुलगा थांबला.

"तुम्हाला दिसत होतं?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. मास्तरांनी ती घेतली नाही, एवढं त्यांच्या पदरात टाकू. "दिसत होतं."

"कधीपासून?"

"तू एकोणीस वर्षांचा होतास."

"मी दर वेळी विचारायचो तुम्हाला. ठीक आहे ना मागे."

"हो."

"आणि तुम्ही 'एकदम' म्हणायचात."

"तुला वाईट वाटू नये म्हणून रे. पोरासोरांच्या मनाला लागतं हे. मी बघितलीयत पोरं, घराबाहेर पडायची बंद झालेली."

"माझ्या मनाला लागेल म्हणून, की बाटली खपणार नाही म्हणून?"

केसानं गळा कापणं म्हणतात ते आपण केलंय, हे मास्तरांना त्या जिन्यात कळलं, आणि कळूनही त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच की आपण तर त्याचं भलं बघत होतो.

"त्या बाटलीवरून मला काढा," मुलगा म्हणाला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मुलगा उरलेल्या पायऱ्या उतरून चालू लागला.

मास्तरांनी दुकान दोन दिवस बंद ठेवलं आणि जुन्या पात्यानं एकेका बाटलीवरचं लेबल खरवडलं. चिकटवलेलं पक्कं होतं, स्वतःच चिकटवलेलं. भोवऱ्याच्या जागेवर पातं आलं की हात अडखळायचा. पण तेल विकणं काही त्यांनी बंद केलं नाही. बिनलेबलाची बाटली पुन्हा काउंटरवर आली. प्रवचन तेवढं आटोपतं झालं. माणूस असाच बदलतो, परवडेल तेवढा.

चौथा रविवार आला. मास्तरांनी खुर्ची पुसून ठेवली, आरसा पुसून ठेवला. मुलगा आला नाही. दहा वाजता ते बाहेर येऊन उभे राहिले, तर तो समोर, डावखुऱ्याच्या सलूनमध्ये बसलेला. डावखुरा म्हणजे मास्तरांचाच शिष्य. डाव्या हातानं कात्री धरतो म्हणून तीन जणांनी हाकलून दिलेला, मास्तरांनी ठेवून घेऊन घडवलेला. काचेतून सगळं दिसत होतं. डावखुऱ्यानं केस कापले, पावडर झटकली, आरसा उचलला. आणि शिकवल्याप्रमाणे, अगदी शिकवल्याप्रमाणे, त्याचं मनगट खाली वळलं. गुरूची विद्या गुरूला.

मुलानं हात मागे नेला, त्याचं मनगट धरलं आणि सरळ केलं. मग बघत राहिला. बराच वेळ बघितलं त्यानं. रस्त्याच्या अलीकडे मास्तर उभे होते आणि त्यांना वाटत होतं की ते मनगट आपलंच आहे.

संध्याकाळी डावखुरा चोरासारखा आला. "मास्तर, त्यानं हात धरला माझा. म्हणाला, दादा, खरं बघायला येतो मी तुझ्याकडे. मी काय करणार?"

"सरळ धरत जा," मास्तर म्हणाले.

"तुम्ही शिकवलं होतंत ते..."

"चूक शिकवलं होतं."

गिऱ्हाईक आलंय असं सांगून डावखुरा गेला.

सात महिने गेले. मुलगा घरातच राहत होता, जेवताना मीठ मागत होता, वीज गेली तर बाबांना मेणबत्ती देत होता. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. रोज सकाळी तो न्हाणीसमोर उभा राहून औषध लावायचा, अंदाजानं, बोटानं भोवरा चाचपत. मास्तर तिथेच पेपर वाचत बसलेले असायचे. दोन फुटांवर. त्या डोक्याचा कण न् कण ठाऊक असलेला माणूस, आणि मुलगा अंदाजानं औषध लावायचा. कित्येकदा औषध नको तिथे लागायचं. मास्तर पेपरातून बघायचे आणि पान उलटायचे.

एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मुलगा आईपुढे जमिनीवर पाठ करून बसला. "आई, बघ गं जरा मागे. पडलाय का काही फरक?"

आईनं चष्मा लावला, मुलानंच आणून दिलेला. तिनं खिडकीकडे त्याचं डोकं वळवलं, केस इकडे केले, तिकडे केले. मास्तर मागे पलंगावर होते. त्यांना चष्मा लागत नव्हता. ते पुढे वाकले आणि त्यांना दिसलं. भोवऱ्याच्या कडेनं जी लव होती, पांढुरकी, मेलेली म्हणून त्यांनी मनातून सोडून दिलेली, ती काळी धरत होती. सगळीकडे नाही, एका बाजूला. पण धरत होती. त्यांनी मान तिरकी करून पुन्हा बघितलं. शंकाच नव्हती. तीस वर्षांत केसांबद्दल इतकं खात्रीचं त्यांनी काही बघितलं नव्हतं.

"फरक आहे," मास्तर म्हणाले. "डाव्या बाजूनं येतायत. काळे येतायत रे."

मुलगा वळला नाही. "आई," तो म्हणाला, "तू सांग."

"अरे, ते सांगतायत ना."

"तुला काय दिसतंय ते सांग."

आई पुन्हा वाकली. डोळे बारीक केले. नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा डोक्याकडे. "मला नाही बाबा कळत," ती म्हणाली. "मला आधी होतं तसंच वाटतंय."

"बरं," मुलगा म्हणाला. त्यानं हातानं केस सारखे केले आणि उठला. "पुढच्या आठवड्यात डावखुऱ्याकडे जाणारच आहे. त्याला विचारतो."